चूल सोबत घेऊन किनवटपर्यंत

किनवटहून परतल्यापासून या प्रवासाच्या तीन हकिकती माझ्या कानांवर आल्या असून तिन्हींत माझ्यावर अन्याय झाला आहे. लातूरच्या शिवलिंगअप्पांच्या मते सगळे काम त्यांच्या शेतातल्या भज्जीने केले. नांदेडचे माझे जुने सहकारी कादरी यांच्या मते ते त्यांच्या एका वाक्याने झाले. पुण्यातील माझे जावई या प्रवासात नव्हतेच. त्यांचे म्हणणे असे की, एक लिंक पाठवून भागणाऱ्या कामासाठी म्हाताऱ्या माणसाने मराठवाडा तुडवावा हेच मुळात हास्यास्पद आहे. ज्यांनी किनवट पाहिलेले नाही त्यांना जावयांचे म्हणणे पटण्याचा संभव अधिक. त्यांच्यासाठी ही चौथी हकिकत लिहीत आहे. वाचून झाल्यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी आधी किनवटला जाऊन यावे आणि मग सांगलीला माझ्या घरी यावे. चहा मिळेल.

प्रथम कारण सांगतो. मी आयुष्यभर गणित शिकवले. त्यातला बराच काळ नांदेडला, कादरींच्या शेजारच्या टेबलावर. निवृत्तीनंतर मी हॅस्केल नावाची संगणकभाषा शिकलो. ती फलनांची, म्हणजे फंक्शन्सची, भाषा आहे. गणितातल्या फलनात तेच घातले की तेच बाहेर येते. काल काय झाले, शेजारी काय म्हणाला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. अशी शिस्त माणसांत मला कधी आढळली नाही, म्हणून या भाषेवर माझा जीव बसला.

त्या भाषेत मी एक प्रोग्राम लिहिला. मुलांच्या तोंडचे शब्द आणि त्यांना आजवर आलेली अक्षरे त्याला दिली, की तेवढ्याच अक्षरांत बसणारे शब्द निवडून तो वाचनपाठाची पाने तयार करतो. हे पुस्तकी खूळ नव्हते. किनवटच्या जंगलातील एका निवासी शाळेत मडावीबाई पहिलीच्या वर्गाला शिकवतात. मुलांची घरची भाषा गोंडी. 'ई' हे अक्षर ईडलिंबावरून शिकवायचे, तर ईडलिंबू बाईंनी पाहिलेले नाही आणि, खरे सांगायचे तर, मीही नाही. म्हणून बाई मुलांचेच शब्द घेऊन हाताने पाने लिहीत असत. कादरींनी आमची गाठ घालून दिली.

अडचण अशी झाली की, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत टॅबलेटवरचे तयार पाठ घ्यायचे ठरत होते. त्या पाठांना सतत नेट लागते आणि शब्द बनवणाऱ्यांनी ठरवलेले असतात, मुलांचे नव्हे. बाई एकट्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला ते नको. सबनीस सरांचा प्रोग्राम येऊन राहिला." दिवाळीत तो नांदेडला कादरींच्या संगणकावर दाखवायचे ठरले. चालला नाही. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर माझ्याकडे होता त्याची वेगळी आवृत्ती त्यांच्याकडे; लायब्रऱ्यांपैकी, म्हणजे आयत्या तयार भागांपैकी, एक नवी, एक गायब. संस्थेच्या मंडळींनी बाईंना सांगितले, संक्रांतीच्या आत शाळेच्याच संगणकावर चालवून दाखवा. नाहीतर येतील ते टॅबलेट मुकाट घ्यावे लागतील आणि यापुढे बैठकीत बोलताना विचार करून बोला. म्हणजे पणाला लागला होता बाईंचा शब्द, आणि तो त्यांनी माझ्या भरवशावर लावला होता. मला या वयात पुष्कळ गोष्टींवाचून झोप लागते. ही त्यांतली नव्हती.

लातूर

मिरजेहून लातूरला गाडीने आलो आणि स्टेशनाबाहेर पाहतो तो गावच नाही. दुकाने बंद, आडतबाजार ओस, रिक्षा एक आणि तिचाही चालक निघण्याच्या घाईत. दंगल झाली की काय, अशी मला शंका आली. एवढ्यात जीपमधून शिवलिंगअप्पा उतरले. अप्पांची डाळमिल आहे. ते किनवटच्या त्या संस्थेचे सभासद आणि प्रोग्राम चालतो की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बैठकीला सांगण्याची कामगिरी त्यांच्यावर होती. म्हणजे माझा परीक्षकच माझा यजमान.

"आज येळवस हाय की सर," ते म्हणाले. "वेळ अमावस्या. आज लातूरात राहतंय कोण? चला शेतात."

सांगलीकरांना हा सण ठाऊक नाही. पौषाच्या तोंडावरची ही अमावस्या. त्या दिवशी या भागातले झाडून सारे लोक शेतात जेवतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. ज्वारीच्या कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपी, उभारतात, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडतात, पूजा करतात आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून बोलावतात. आमच्याकडे जेवायला बोलावले तरी आधी किती वाजता ते विचारावे लागते. इथे तीन शेते ओलांडताना मला तीनदा आग्रह झाला आणि अप्पांनी प्रत्येकाला "आमचा पाव्हणा हाय, पळवू नका" म्हणून सोडवून आणले.

जेवण मात्र शेतात रांधत नाहीत. सगळे घरी करून टोपल्यांतून डोक्यावर आणतात. भज्जी नावाचा जो पदार्थ असतो त्यात ओली तूर, हरभरा, वाटाणा, शेंगा, मेथी, चुका असे शिवारात जे जे हिरवे ते सगळे बेसनात शिजवलेले असते. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबट, गार आंबील. मी दोनदा वाढून घेतले. चारदा घेतले, असे अप्पा सांगतात.

"खावा सर, खावा," अप्पा म्हणाले. "तुमच्या मिरजेचं पाणी पिलोय आम्ही. त्या दुष्काळात रेल्वेनं आलतं. ते फेडायचं राहिलंय."

उन्हात कोपीच्या सावलीला बसून मी त्यांना माझी नवी व्यवस्था समजावली. दिवाळीतल्या नामुष्कीनंतर मी निक्स नावाची जोडणीची पद्धत शिकलो होतो. इतर पद्धतींत संगणकाला हुकूम द्यावे लागतात: आधी हे कर, मग ते कर. ज्या घरी जाल तिथे कालचे काय शिल्लक आहे यावर निकाल ठरतो. निक्समध्ये हुकूम नसतात. कृती लिहून द्यायची असते. हा प्रोग्राम अमक्या कंपायलरने, तमक्या लायब्रऱ्यांनी बनलेला आहे, एवढे नेमके विधान करायचे. प्रत्येक सामानावर ठसा असतो. एका अक्षराचा फरक पडला तरी ठसा जुळत नाही. आणि जोडणी होते बंद खोलीत. तिथे बाहेरचे नेट नाही, घराच्या सवयी नाहीत. कृतीत लिहिले नसेल ते खोलीत नाही. आमच्या हॅस्केलचीच शिस्त, ती साऱ्या संगणकाला लावलेली.

"थोडक्यात, सोवळ्यातला स्वयंपाक," मी म्हणालो. "बाहेरचा स्पर्श नाही."

अप्पा हसले. "आमच्यात सोवळं-ओवळं न्हाई सर. आम्ही लिंगायत." त्यांनी सदऱ्यावरून छातीला हात लावला. "देव गळ्यात बांधलेला. देवळाला कुलूप असू द्या न्हाईतर पुजारी गावाला जाऊ द्या, आमची पूजा अडत न्हाई. तुमचं तसं हाय का बघा."

"अगदी तसेच आहे," मी म्हणालो आणि पिशवीतली डिस्क काढून दाखवली. किनवटला नेटचा भरवसा नाही, म्हणून तयार झालेला प्रोग्राम आणि त्याला चालायला जे जे लागते ते सर्व मी तिच्यावर भरून आणले होते.

त्याच वेळी शेजारच्या शिवारातली सात-आठ माणसे आली आणि भज्जी संपली. अप्पांच्या सौभाग्यवती रिकामी टोपली दाखवून म्हणाल्या, "आता काय करू? डबाच आणलाय. चूल ऱ्हायली घरी."

अप्पांनी माझ्या डिस्ककडे पाहिले. "सर, ह्यात बी नुसता डबाच हाय का चूल बी हाय? किनवटात काय कमी पडलं तर तिथं रांधता येतंय का?"

इथपासून अप्पांची हकिकत आणि माझी हकिकत वेगळ्या होतात. अप्पा सांगतात की, प्रश्न ऐकून सरांचा चेहरा पडला. माझा चेहरा पडला नव्हता. मी विचार करत होतो. डिस्कवर डबाच होता हे मात्र खरे. कृतीत एक ओळ बदलावी लागली असती तर तिथे नव्याने जोडणी करायला कंपायलर नव्हता, हत्यारे नव्हती. हा विचार मला आज ना उद्या सुचलाच असता. तो आज सुचला याचे श्रेय अमावस्येला द्यायला माझी हरकत नाही.

संध्याकाळी मिलच्या कार्यालयात बसून, तिथले चांगले नेट वापरून, जोडणीला लागणारे मुळापासूनचे सारे सामान डिस्कवर उतरवायला लावले आणि मी झोपायला गेलो. सकाळी डिस्क भरलेली होती. चूल सोबत आली.

नांदेड

लातूरहून नांदेडला अप्पांच्या जीपने निघालो. अप्पांनी कादरींसाठी आंबील बरोबर घेतली होती आणि तिचा डबा माझ्या पिशवीत, डिस्कच्या शेजारी, माझ्या नकळत ठेवला होता. अहमदपूर मागे पडल्यावर पिशवीला आंबट वास येऊ लागला. उघडून पाहतो तो झाकण उडालेले आणि माझा टॉवेल, धोतर, रक्तदाबाच्या गोळ्या सगळे आंबिलात.

"सांडली!" मी ओरडलो.

"सांडली न्हाई सर, फुगली," अप्पा शांतपणे म्हणाले. "आंबील जिती असती. रात्रभर बसली की वर येती."

"अहो, डिस्क!"

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली होती. ती खबरदारी माझी. पिशवीच्या बाहेरूनच सगळे वाहून गेले होते. तरीही रस्त्याच्या कडेला, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग जात असताना, मी ती पुसली, हलवली, अप्पांच्या मिलच्या लॅपटॉपला लावून पाहिली. चालू झाली. अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि जीपमध्ये मागे ठेवलेला ओल्या हरभऱ्याचा डहाळा माझ्या हाती दिला. तो सोलत मी नांदेड गाठले.

कादरी नांदेडच्या इतवारा भागात राहतात. दारातच उभे होते, पांढरी दाढी, स्वेटर, आणि मला पाहताच दिवाळीपासूनचे तेच वाक्य: "क्या प्रोफेसर, आज चलेगा या आज भी तकरीर सुनाएँगे?"

"आज व्याख्यान नाही. आधी तुमचा संगणक बदला," मी म्हणालो. "दिवाळीत चूक त्याची होती."

"हौ, हौ. मेरा कंप्यूटर, मेरी बिजली, मेरी गोदावरी. सबका कसूर, बस आप के सिवा."

वहिनींनी खिचडी-खट्टा केला होता. मसुरीची पिवळी खिचडी आणि तिळाचा, चिंचेचा, कच्च्या कांद्याचा पातळ खट्टा; हैदराबादेकडची ही न्याहारी नांदेडात घरोघरी होते. अप्पा शाकाहारी, बाहेर जेवताना जपून असतात, पण त्यांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केले आणि खट्ट्याला डाळ लागत नाही, हे पाहून डाळमिलचे मालक या नात्याने थोडा खेद व्यक्त केला.

जेवणानंतर परीक्षा. कादरींनी स्वतःच्या हाताने नेट बंद केले. मी डिस्क लावली, कृती दाखवली, जोडणीचा आदेश दिला. पडद्यावर ओळी सरकल्या, थांबल्या, आणि चाचणीच्या शब्दांचे पान तयार होऊन समोर आले. दिवाळीत ज्या संगणकाने माझा पाणउतारा केला त्याच संगणकावर, त्यातली एकही गोष्ट न वापरता!  मी फक्त खुर्ची जरा मागे सरकवली.

कादरींनी चष्मा वर करून पान पाहिले. "लेकिन ये तो अंग्रेजी हरफ हैं."

चाचणीचे शब्द मी रोमन लिपीत लिहिले होते. कादरी हल्ली साऱ्या नांदेडात सांगत फिरतात की, सबनिसांनी मराठी लेकरांच्या प्रोग्रामची परीक्षा इंग्रजीत घेतली. हे धादांत खोटे आहे. शब्द मराठीच होते: कमळ, नदी, बदक. अक्षरे तेवढी रोमन. आमच्या पिढीने संगणक हाती घेतला तेव्हा त्याला देवनागरी येत नव्हती. पन्नाशीत लागलेली बोटांची सवय सत्तरीनंतर सुटत नाही. घरच्या संगणकावर देवनागरी मी पुष्कळदा चालवली होती. बंद खोलीत नव्हती चालवली, इतकेच.

"रिहर्सल हुई, मियाँ," कादरी म्हणाले. "बारात नईं हुई अभी."

मी ते मनावर घेतले नाही. हे इथे नोंदवतो, कारण कादरींचे जे वाक्य पुढे गाजले ते हे नव्हे.

मुदखेडमार्गे

सकाळच्या गाडीने तिघे निघालो. मुदखेडला गाडी बराच वेळ उभी राहते, असे कादरी म्हणाले. त्यांच्या भरवशावर अप्पा चहाला उतरले आणि गाडी हलली. धोतराचा सोगा एका हातात आणि कागदी पेले दुसऱ्या हातात धरून अप्पा फलाटावरून धावत असल्याचे दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. त्यांना आत ओढले तेव्हा पेल्यांत चहा शिल्लक होता. "व्यापारी माणूस हाय," ते धापा टाकत म्हणाले, "माल पोचवल्याबिगर सोडत न्हाई."

भोकर, हिमायतनगर गेले आणि खिडकीतला देखावा बदलू लागला. कपाशीची काळी राने मागे पडली. डोंगर जवळ आले. सागाची उंच, पोपडे सुटलेली झाडे रुळांपर्यंत येऊन उभी राहिली. मराठवाडा म्हणजे उघडा माळ, ही आम्हा कृष्णाकाठच्या लोकांची समजूत. ती ज्यांना टिकवायची असेल त्यांनी या गाडीत बसू नये. मी नांदेडला इतकी वर्षे काढली आणि या बाजूला एकदाही आलो नव्हतो, याबद्दल कादरींनी मला टोमणा मारला. तेही आले नव्हते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले.

किनवट

शाळा गावापासून आत, सागवनात. पत्र्याचे वर्ग, सारवलेले अंगण, वसतिगृहाच्या दारात सुकत घातलेले सदरे. मडावीबाई चाळिशीच्या, ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या. त्यांनी आम्हाला पाणी दिले आणि आधीच सांगून टाकले, "सर, टॉवर बंद हाय. कालपासून रेंजच न्हाई."

"आम्हाला नको रेंज," मी म्हणालो. इतके समाधानाने मी क्वचितच काही बोललो असेन.

शब्द बाईंनी शाळेच्याच संगणकावर भरून ठेवले होते. आठवड्याआठवड्याला मुले जे बोलली ते. 'रोन' म्हणजे घर. 'येर' म्हणजे पाणी. मराठी शब्दही होते: मोह, चारोळी, डोंगर, बस. सगळे स्वच्छ देवनागरीत. बाईंच्या पिढीच्या बोटांना माझ्या बोटांची सवय नाही.

डिस्क लावली. आदेश दिला. वर्गातली मुले खिडकीला लटकली. अप्पा स्टुलावर ताठ बसले. बैठकीला सांगायचे होते त्यांना. ओळी सरकू लागल्या आणि मध्येच थांबल्या. शेवटी लाल अक्षरांत एक वाक्य आले. त्याचा अर्थ एवढाच होता की, बाइटांची, म्हणजे अक्षरांच्या जागी आलेल्या आकड्यांची, ही रांग आपल्याला मान्य नाही. पाने बनवता येणार नाहीत.

मी पुन्हा आदेश दिला. फलनांच्या भाषेचा गुण मी वर सांगितला आहे: तेच घातले की तेच बाहेर येते. तेच बाहेर आले.

 अप्पांनी घसा साफ केला आणि खिडकीबाहेर पाहिले. मला तो घसा साफ करणे लाल अक्षरांहून जास्त लागले. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "असू द्या सर. हातानं लिहिते मी. लिहूनच राहिले होते की इतके दिवस. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

टॅबलेट आले की हाताने लिहिलेले कोणी चालू देणार नव्हते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तरी त्या माझे सांत्वन करत होत्या. मला राग आला. माणसावर नाही, त्या लाल ओळीवर.

"घरी देवनागरी चालते!" मी म्हणालो. "शंभरदा चालवली आहे!"

"घर में," कादरी म्हणाले. "कमरे में?"

मी लाल ओळ पुन्हा एकदा वाचली.

"मियाँ, आप के कमरे में चिराग इच नईं है. वो बेचारा अँधेरे में हरफ टटोल रहा."

कादरींचे ते सुप्रसिद्ध वाक्य हेच. ते त्यांनी म्हटले, हे मी नाकारत नाही. पण हा चिराग, म्हणजे दिवा, नेमका कोणता आणि तो लावायचा कोठे, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नव्हते. मला होते. माझ्या घरच्या संगणकाला, अक्षरे कशी वाचायची हे मी केव्हातरी सांगून ठेवलेले आहे; प्रोग्राम तिथून ते गुपचूप उचलत होता. बंद खोलीत घरची सवय शिरत नाही, ही त्या पद्धतीची थोरवी मीच अप्पांना शेतात सांगितली होती. पानेही त्याच खोलीत बनतात आणि तिथे ती सूचना नव्हती, म्हणून तिथे फक्त रोमन अक्षरे ओळखता येत होती. खोलीचे काहीच चुकले नव्हते. लिहिले नाही ते तिने दिले नाही.

पण पुढची अडचण लक्षात आली. मराठीची तजवीज करणारे वेगळे सामान असते; ते डिस्कवर नव्हते, आणि टॉवर बंद होता. मी तसे सांगितले.

"मंग?" अप्पांनी विचारले.

"थांबा," मी म्हणालो आणि अंगणात गेलो. सागाची पाने वाऱ्यावर पापडासारखी वाजत होती. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे शांतपणे मांडावे, एवढेच गणिताने मला शिकवले. मराठी तारखा हव्यात का? नाही. मराठी वर्णक्रम? तो माझा प्रोग्राम स्वतः सांभाळतो. हवी आहे ती केवळ अक्षरे ओळखण्याची दृष्टी; मग ती कोणत्याही लिपीची असो. आणि तेवढी सर्वसाधारण सोय तर मूळ सामानातच असते, वेगळी आणावी लागत नाही. कृतीत एक ओळ लिहायची: या खोलीत अक्षरे युनिकोडप्रमाणे वाचावीत.

परत येऊन ती ओळ लिहिली. ती एक ओळ बदलली म्हणजे ठसा बदलला. जुनी जोडणी चालणार नाही, तेवढा भाग नव्याने रांधायला हवा. त्यासाठी हत्यारे हवीत. ती डिस्कवर होती.

"चूल हाय?" अप्पांनी विचारले.

"आहे," मी म्हणालो. हा एक शब्द उच्चारताना मला लातूरच्या रिकाम्या टोपलीची आठवण झाली, हे मी मान्य करतो. एवढेच मान्य करतो.

ओळी सरकल्या. जिथे थांबल्या होत्या ते ठिकाण आले, आणि गेले. कादरी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. अप्पांचा हात सदऱ्यावरून छातीशी गेला होता. मग पडद्यावर पान उघडले. वर 'रोन', खाली 'मोह', मोठ्या काळ्या देवनागरीत, मात्रा जागच्या जागी. मी टेबलाची कड धरून बसलो. मग पान पुन्हा वरपासून वाचले. 

बाईंनी पान छापले, खिडकीकडे नेऊन उंच धरले.  मग एक मुलगी बोट लावून, अडखळत म्हणाली, "रो... न," आणि वळून मागच्यांना काहीतरी गोंडीत सांगितले. सगळे हसले.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"म्हणते, आपलं घर कागदावर कसं आलं," बाई म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छ होता.

अप्पा उठले. "बाई, बैठकीत मीच सांगतो. ते टॅबलेट तेवढे ऱ्हाऊ द्या म्हणावं." मग माझ्याकडे वळून, "सर, भज्जी कामी आली का न्हाई?"

"चिराग," कादरी म्हणाले.

त्या दोघांचा वाद भाकरी आणि तुरीच्या शेंगांच्या आमटीवर, वसतिगृहाच्या पंगतीत, हात वाळेपर्यंत चालला. मी त्यात भाग घेतला नाही. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी निघताना मी बाईंना सगळे समजावून सांगितले: डिस्क इथेच राहील, शब्द इथे भरायचे, आदेश हा, काही अडले तर फोन करा, मी केव्हाही घेतो. बाई "हाव सर, हाव सर" म्हणत होत्या. मला वाटले, घाईत आहेत, नीट ऐकत नाहीत.

किनवट स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलो असता टॉवर सुरू झाला, रेंज आली आणि माझा फोन वाजू लागला. बाईंचा संदेश होता. छायाचित्र: एक नवे पान. त्यावर 'येर' होता आणि आम्ही तिथे असताना कोणी न उच्चारलेले कितीतरी शब्द. आम्ही निघाल्यावर त्यांनी ते भरले होते, जोडणी केली होती, छापले होते. तेव्हा नेट नव्हते. आम्हीही नव्हतो. खाली फक्त एवढेच: "सर, झालं."

अप्पांनी आणि कादरींनी दोन्हीकडून वाकून पाहिले.

"तुम्हांला इचारलं न्हाई?" अप्पा म्हणाले.

"नाही."

"कुछ पूछा इच नईं?" कादरी.

"नाही म्हटले ना!"

मी ते छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले. मग फोन खिशात ठेवला. गाडी आली, खिडकीची जागा मिळाली, आणि कित्येक महिन्यांनंतर मला बसल्या जागी झोप लागली. मुदखेड केव्हा आले आणि केव्हा गेले, ते कळले नाही. मी भोकरपासून नांदेडपर्यंत घोरत होतो, असे ते दोघेही सांगतात. हेही खोटे आहे.